पोलीस, कावळा आणि दोन देशांतले प्रेक्षक

पोलिसानं गाडी थांबवली की आपल्याकडे माणूस खाली उतरतो. कागदपत्रं घेऊन चालत साहेबांपर्यंत जातो, नमस्कार करतो, काय झालं विचारतो. गाडीत बसून राहणं म्हणजे उद्धटपणा. अमेरिकेत नेमकं उलटं. मागे निळे-लाल दिवे लागले की गाडी कडेला घ्यायची, काच खाली करायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि पोलीस सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही. दार उघडून उतरणारा माणूस तिथल्या पोलिसाला धोका वाटतो.

माझ्या चित्रपटातला मधला मोठा प्रसंग यावर उभा आहे. गुहागरचे अप्पा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे आले आहेत. रात्री ओक ट्री रोडवरून किराणा घेऊन परत येताना पोलीस गाडी थांबवतो, कारण मागचा एक दिवा गेलेला आहे. अप्पा शेजारच्या सीटवर. आयुष्यभर प्रत्येक नाक्यावर त्यांनी जे केलं तेच ते करतात: पट्टा सोडतात, दार उघडतात, शर्टाच्या खिशाकडे हात नेत पोलिसाच्या दिशेनं चालू लागतात. पोलीस ओरडतो, त्याचा हात पिस्तुलाकडे जातो. आणि मुलगा, भीतीनं, सगळ्यांसमक्ष वडिलांवर खेकसतो. पुढे काही होत नाही. पोलीस समज देऊन निघून जातो. पण बापलेक त्या रात्रीबद्दल पुन्हा कधीच बोलत नाहीत. अप्पा गुहागरला परततात आणि वर्षभरात जातात. चित्रपटाचा शेवटचा मोठा प्रसंग त्यांच्या दहाव्याचा आहे. पिंड ठेवलेत, सगळे लांब उभे आहेत, आणि कावळा शिवत नाही.

मराठी वाचकाला यापुढे काही सांगायची गरज नाही. आणि तिथेच माझ्या कामाची सगळी अडचण होती, तिथेच त्याचा अर्थही होता.

संहितेचा पहिला खर्डा मी दोन्हीकडच्या जाणत्या लोकांना वाचायला दिला. अमेरिकेतल्या वाचकांचं म्हणणं पडलं की पोलिसाचा प्रसंग वाचताना हात गार पडले, पण शेवटी सगळं कुटुंब एका पक्ष्याकडे का बघत बसलंय? नातीला विचारायला लावा, आजी समजावून सांगेल. मुंबईतल्या वाचकांनी शेवट वाचून मला रात्री फोन केले, गळा दाटलेला. पण म्हणाले, तो पोलिसाचा प्रसंग कमी करा, तिथे तर काहीच घडत नाही. एकच संहिता, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा प्रसंग रिकामा वाटत होता.

त्या दिवसापासून माझ्यासाठी प्रश्न बदलला. दोन्ही देशांतल्या प्रेक्षकांना काय आवडेल, हा विचार मी सोडून दिला. कोणत्या क्षणी कुणाला आधी कळतं आणि कुणाला मागाहून, एवढंच बघायचं ठरवलं. अमेरिकी प्रेक्षक पोलिसाच्या प्रसंगात अप्पांच्या पुढे आहे, पुण्याचा प्रेक्षक अप्पांच्या बरोबर आहे. दहाव्याला हे उलटतं. दोघांनाही आपापल्या वेळी पुढे राहू द्यायचं, आणि मागे असलेल्याला पडद्यावरच्या घडण्यातून पोचवायचं. समजावून सांगायचं नाही.

समजावून सांगणं मला का नको होतं, हे जरा सविस्तर लिहिते. परदेशात वाढलेली नात विचारते आणि आजी सांगते, ही युक्ती आपण फार वेळा पाहिली आहे. त्या दोन मिनिटांत मराठी प्रेक्षकाला लगेच कळतं की हे आपल्याशी चाललेलं बोलणं नाही. आजी नातीशी बोलत नसते, ती पडद्याबाहेरच्या कुणा पाहुण्याशी बोलत असते. चित्रपट त्या वेळेपुरता त्याला सोडून जातो, आणि एकदा सोडून गेलेला चित्रपट परत विश्वास मिळवू शकत नाही. पाहुण्यालाही त्यातून फक्त माहिती मिळते. दहाव्याला उभं असताना पोटात जे होतं ते माहितीतून येत नाही.

या वाटेवर आपल्या आधी बरेच जण चालून गेलेत. मुंबईत जन्मलेल्या इस्माइल मर्चंट यांनी अमेरिकी दिग्दर्शक जेम्स आयव्हरींबरोबर केलेला पहिला कथापट, १९६३ सालचा 'द हाउसहोल्डर', इंग्रजीत आणि हिंदीत अशा दोन्ही भाषांत चित्रित झाला होता. हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीचे रुपये तेव्हा भारतात अडकून पडले होते, देशाबाहेर नेता येत नव्हते. त्या पैशांतून कंपनीनं तो विकत घेतला. जवळपास अर्ध्या शतकानंतर, २०१० मध्ये, 'काइट्स' या हिंदी चित्रपटाची दोन रूपं निघाली: भारतासाठी पूर्ण लांबीचं, आणि परदेशासाठी हॉलिवूडचे दिग्दर्शक ब्रेट रॅटनर यांनी नव्यानं कापलेलं सुमारे दीड तासाचं. 'स्लमडॉग मिलियनेर'नं ८ ऑस्कर घेतले. त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हिंदीत होता आणि उपशीर्षकं पडद्याच्या तळाशी न ठेवता, रंगीत चौकटींत, बोलणाऱ्या माणसाजवळ ठेवली होती. वाचायचा कंटाळा असलेल्या प्रेक्षकासाठी काढलेली ती फार हुशार वाट होती. मला मात्र सर्वांत जास्त बळ दिलं चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'नं. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी जशी मुंबईच्या न्यायालयात बोलली जाते तशीच त्यात ऐकू येते, कुणी कुणाला काही समजावत नाही, आणि २०१४ मध्ये व्हेनिसला त्याला दोन पुरस्कार मिळाले. नंतर तो भारताकडून ऑस्करला गेला, अमेरिकेत प्रदर्शितही झाला.

दोन रूपं करायचा सल्ला मलाही मिळाला. त्यातला व्यवहार मला समजतो. पण माझ्या गोष्टीत ते शक्यच नव्हतं, कारण पोलिसाची रात्र आणि कावळ्याची सकाळ एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक छोटी केली की दुसरी मरते.

पैशांचं आणि कागदांचं थोडक्यात सांगते, कारण नव्यानं या वाटेला लागणाऱ्यांना तेच आधी आडवं येतं. भारताचा फ्रान्स, जर्मनी, कॅनडा, ब्रिटन अशा अनेक देशांशी चित्रपट-सहनिर्मितीचा करार आहे, अमेरिकेशी नाही. त्यामुळे 'दोन्ही देशांचा चित्रपट' असा सरकारी दर्जा मिळत नाही. कागदावर तो एकाच देशाचा असतो. आमचा अमेरिकी कंपनीचा झाला आणि मुंबईतल्या एका संस्थेनं भारतातलं चित्रीकरण सांभाळलं. परदेशी कंपनीनं भारतात कथापट चित्रित करायचा तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. ती एनएफडीसी या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळातल्या इंडिया सिने हबमार्फत (आधीचं नाव फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस) मिळते, आणि परदेशी तंत्रज्ञांना पर्यटक व्हिसा चालत नाही, फिल्म व्हिसाच लागतो. आमच्या छायालेखिकेसाठी तो आम्ही वेळेत काढला म्हणून कोकणातला पावसाळ्याआधीचा उजेड आम्हाला मिळाला.

उलट दिशेचा प्रवास जास्त अवघड. अप्पांचं काम करणारे ज्येष्ठ नट मराठी रंगभूमीवरचे. त्यांना अमेरिकेत काम करायला ओ-१बी, म्हणजे कलेत विशेष कामगिरी केलेल्यांसाठीचा, व्हिसा हवा. त्यासाठी आयुष्यभराच्या कामाचे पुरावे लागतात: परीक्षणं, पुरस्कार, जाहिराती. शिवाय तिथल्या कामगार संघटनेचं आणि निर्मात्यांच्या संघटनेचं मत देणारी पत्रं. मराठी नाटकांची जुनी परीक्षणं इंग्रजीत करून घेताना, त्यांची प्रमाणपत्रं जोडताना माझ्या लक्षात येत गेलं की या माणसानं महाराष्ट्रातल्या किती गावांत किती रात्री काम केलं आहे. ती फाईल मी अजून जपून ठेवली आहे. वकिलाची फी आमच्या अंदाजपत्रकातला मोठा तुकडा घेऊन गेली, तरी तिथे काटकसर करू नये असंच मी कुणालाही सांगेन. अप्पा तिथेच राहणाऱ्या एखाद्या हौशी काकांकडून करून घ्या, असं सुचवणारे भेटले. पण ड्रायव्हरच्या चालीतला तो जडपणा, एका कुल्ल्यावर भार टाकून बसण्याची सवय, ती कुठून आणणार होतो?

अमेरिकी नटांसाठी आम्ही सॅग-आफ्ट्रा या तिथल्या नटांच्या संघटनेचा अल्ट्रा लो बजेट करार घेतला. ३ लाख डॉलरपर्यंतच्या चित्रपटांसाठी तो असतो. छोटा करार असला तरी शिस्त पूर्ण लागते. कामावर आल्यापासून ६ तासांच्या आत जेवण, दोन दिवसांच्या कामामध्ये ठरलेली विश्रांती, मोडलं तर दंड. न्यू जर्सीत आमचं युनिट एका हॉलमध्ये मावेल एवढंच होतं, प्रत्येकजण दोन-तीन कामं करणारा. गुहागरला पोचलो तर लाइटदादा, स्पॉटदादा, जनरेटरवाले, गाड्यांचे ड्रायव्हर धरून गाव भरलं. छायालेखिकेला पहिल्यांदा वाटलं इतकी माणसं कशाला. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीचे रूळ समुद्राच्या ओल्या वाळूवर दादांनी फळ्या आणि सुंभ वापरून इतके सपाट बसवून दिले की ती त्यांच्याजवळ बसून ते कसं केलं हे शिकत राहिली. तासांचा नियम मात्र आम्ही तिकडचा इकडे आणला. कोकणातही ६ तासांत जेवण आणि रात्रीची पूर्ण झोप. मुंबईच्या मंडळींनी आधी विश्वास ठेवला नाही, मग काम इतकं नीट होऊ लागलं की स्वतःच वेळ पाळू लागले.

नातीचं काम करणारी मुलगी अकरा वर्षांची, तिकडेच वाढलेली. तिच्यामुळे दोन कायद्यांशी ओळख झाली. भारतात बालकलाकाराला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तिच्या मिळकतीतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावानं मुदतठेवीत जातो. अमेरिकेत हे राज्यागणिक बदलतं. न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत १५ टक्के मुलाच्या ट्रस्ट खात्यात टाकावे लागतात. आम्ही सगळीकडे जो नियम कडक तो पाळला. मुलं असलेला चित्रपट करणाऱ्यानं तसंच करावं.

आता तांत्रिक बाजूतलं एक, जे आधी ठरवलं नाही तर संकलनाच्या टेबलावर रडू येतं. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या जुन्या सवयीमुळे पुष्कळ कॅमेरे सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर, म्हणजे तेवढ्या चित्रांवर, लावलेले असतात, चित्रपटगृहाचं गणित २४ चं, आणि भारतात टीव्हीचं काम करणारी मंडळी २५ वर असतात. २४ आणि २३.९७६ मधला फरक क्षुल्लक वाटतो, पण आवाज आणि चित्र वेगवेगळ्या हिशेबानं चाललं तर तासाभरात दोन्हींत ३.६ सेकंदांचं अंतर पडतं. ओठ आणि शब्द वेगळे होतात. आम्ही चित्रीकरणाआधी कागदावर सही करून दोन्ही देशांसाठी २४ ठरवलं. विजेचंही तसंच. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, २४ फ्रेममध्ये बरोबर बसते. आपल्याकडे ५० हर्ट्झची, त्यामुळे नेहमीच्या १८० अंशांच्या शटरवर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो त्याचं हे माप) घरातली ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकते. शटर १७२.८ अंशांवर आणलं की थांबते. गुहागरच्या घरातले सगळे रात्रीचे प्रसंग आम्ही तसे घेतले, कारण ती हिरवट ट्यूबलाइट मला काढायची नव्हती. त्या उजेडात अप्पांच्या घराचं वय दिसतं.

ध्वनी जागेवरच मुद्रित केला, दोन्हीकडे. गुहागरमध्ये त्यासाठी पहाटे काम सुरू करावं लागायचं, होड्यांची इंजिनं सुरू व्हायच्या आधी.

पोलिसाच्या प्रसंगाचं चित्रीकरण दोन रात्रींत विभागलं होतं. रस्ता अडवायला स्थानिक पोलीस खात्याची परवानगी घेतली, ड्यूटीवर नसलेले अधिकारी वाहतुकीसाठी नेमले. भाड्यानं आणलेल्या पोलीस गाडीवरची अक्षरं चित्रीकरण चालू नसताना झाकून ठेवायची असतात, ती झाकली. पिस्तूल रबराचं. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत एका चित्रीकरणात पिस्तुलातून गोळी सुटून तिथल्या छायालेखिकेचा जीव गेला, त्यानंतर खरं शस्त्र सेटवर आणायचं नाही हे मी संहिता लिहितानाच ठरवलं होतं.

आमची छायालेखिका न्यू जर्सीतच वाढलेली. माझ्या शॉट-यादीत नसलेला एक शॉट तिनं मागितला: मागचे दिवे लागताच मागच्या सीटवरची नात चघळायचं थांबवते आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवते. ती म्हणाली, इथल्या मुलांना हे कुणी शिकवायला लागत नाही. आम्ही तो घेतला. संकलनात त्याच शॉटनं चित्रपट पुण्यापर्यंत पोचवला.

कसं, ते सांगते. पहिला जुळवलेला कट आम्ही न्यू जर्सीत एका ग्रंथालयाच्या तळघरात दाखवला आणि नंतर पुण्यात एका छोट्या प्रीव्ह्यू थिएटरात. प्रेक्षकांना 'आवडला का' असं विचारलं नाही. एकच प्रश्न कागदावर दिला: कुठे भीती वाटली, कुणासाठी? तळघरात अप्पांनी सीटचा पट्टा सोडल्याच्या आवाजालाच खोलीतला श्वास अडकला. दार उघडायच्याही आधी. पुण्यात पट्टा सुटला, दार उघडलं, अप्पा चालू लागले, आणि लोक निवांत होते. पोलीस ओरडल्यावर ते दचकले आणि मग रागावले. कागदांवर राग उतरला होता: पोलीस माजोरडा, मुलगा त्याहून माजोरडा. भीती कुणालाच वाटली नव्हती. म्हणजे त्यांनी जो चित्रपट पाहिला तो अपमानाचा होता. मी केला होता तो भीतीचा, भीतीपोटी आपल्या माणसाला दुखावण्याचा. मुलाला कुणी माफ केलं नाही तर कावळ्याचा प्रसंगही बदलून जातो.

संकलकानं एकही संवाद वाढवला नाही. नातीचा तो शॉट त्यानं पट्टा सुटण्याच्या आधी आणला आणि गरजेपेक्षा किंचित लांब ठेवला. त्याला जोडून मुलाचे स्टिअरिंगवर गोठलेले हात. मग आरशात पोलिसाचं हळूहळू जवळ येणं, आणि त्याचा पिस्तुलाजवळ सैल सोडलेला हात. हे सगळं पूर्वीच्या कटमध्ये पट्ट्याच्या नंतर होतं. आता आधी आलं. मूल हलायचं थांबलं आहे, बाप हलायचा थांबला आहे. म्हणजे इथे काही नियम आहे, आणि अप्पांना तो ठाऊक नाही. पुण्यातल्या दुसऱ्या खेळात पट्टा सुटल्याचा आवाज आला आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, बसा ना!" मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. आमच्या सगळ्या खटपटीचं काय झालं ते मला त्या तीन शब्दांत कळलं.

कावळ्याचा प्रसंग याहून कठीण होता. तिथे न कळणाऱ्याला एक संपूर्ण समजूत पोचवायची होती: गेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, आणि ते काय असेल ते ओळखून जिवंत माणसांनी शब्द द्यायचा असतो. आमच्याकडे प्रत्यक्षात जे घडतं त्यातच उत्तर होतं. एकेक नातेवाईक पुढे होतो, हात जोडतो, मोठ्यानं सांगतो. धाकटे काका म्हणतात, सोसायटीचं कर्ज मी फेडीन. कॅमेरा पिंडाकडे, कावळा फांदीवरच. आत्या म्हणते, विहिरीचा वाद मी सोडला. कावळा नाही. तिसऱ्या माणसापर्यंत, हे आयुष्यात कधी न पाहिलेल्यालाही नियम समजलेला असतो, जसा पत्त्यांचा नवा डाव नुसता शेजारी बसून बघताना समजतो. तळघरातल्या प्रेक्षकांनी कागदावर बरोबर लिहिलं होतं की पक्षी कशाची वाट बघतोय.

पण मग मराठी प्रेक्षकाचं काय? त्याला नियम पहिल्याच क्षणी ठाऊक आहे, तो तीन-तीन वेळा का बघत बसेल? म्हणून प्रत्येक शब्द देणाऱ्यामागे घरातला एकेक इतिहास ठेवला. कर्ज फेडीन म्हणणाऱ्या काकांनीच ते काढलेलं असतं. विहिरीचा वाद सोडते म्हणताना आत्या तिच्या नवऱ्याकडे बघतही नाही. पुण्यात इथे लोक हसतात, आणि दहाव्याला येणारं ते हसू खरं आहे, ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना ठाऊक आहे. एकाच फुटेजमध्ये एक प्रेक्षक नियम शिकतो आहे आणि दुसरा माणसं ओळखतो आहे.

गुहागरच्या गुरुजींनीही आम्हाला एक मोठी भेट दिली. ते सल्लागार म्हणून आले होते. ते म्हणाले, इतका वेळ कावळा आला नाही तर मी नुसता उभा राहणार नाही, दर्भाचा कावळा करायला घेईन. मग आम्ही त्यांच्याच हातांचे शॉट घेतले, दर्भ वळणारे. आपल्या प्रेक्षकाला कळतं की वेळ संपत आली, आता गवताच्या कावळ्यानं शिवून सगळं उरकलं जाईल आणि अप्पांच्या मनातलं तसंच राहून जाईल. अमेरिकी प्रेक्षकाला एवढंच दिसतं की काहीतरी तयार होतंय आणि ते पूर्ण व्हायच्या आत काही घडायला हवं. दोघांच्याही छातीत घड्याळ सुरू. मग मुलगा पुढे होतो आणि त्या रात्रीबद्दल बोलतो. इथे अमेरिकी प्रेक्षक आधी पोचतो, कारण ती रात्र त्याच्या अंगावर आली होती. पुण्याचा प्रेक्षक कावळ्याकडे बघत पोचतो. कावळे खरेच होते. वेगळ्या छोट्या तुकडीनं लांबच्या भिंगानं टिपलेले. चित्रपटात पशुपक्षी वापरायचे तर प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, ती घेतली.

मध्यांतराचा निर्णय यातूनच झाला. अमेरिकेत चित्रपट सलग चालतो. आपल्याकडे तुम्ही जागा दिली नाहीत तर चित्रपटगृह स्वतः कुठेही कापतं, बोलणाऱ्याच्या तोंडातला शब्द अर्धा ठेवून. मी संहितेतच जागा ठरवली: पोलिसाची गाडी निघून जाते, घरी येऊन अप्पा न जेवता झोपायला जातात, तिथे. अमेरिकेत त्या ठिकाणी काही सेकंदांचा काळा पडदा आहे. तिथे तो श्वास घ्यायला पुरतो, इथे समोसा घ्यायला.

उपशीर्षकांवर मी जेवढा वेळ दिला तेवढा कुठल्याच एका प्रसंगाच्या संकलनावर दिला नसेल. एका ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, हा इंग्रजी उपशीर्षकांचा रूढ हिशेब. मराठी बोलणं भराभर चालतं, वाचणारा मागे पडतो. त्याहून मोठा धोका म्हणजे वाचणारा पुढे जातो. आत्याचं वाक्य तोंडातून पूर्ण व्हायच्या आत खाली वाचून अमेरिकी प्रेक्षक हसून मोकळा, आणि तिच्या चेहऱ्यावरचं जे खरं गमतीचं ते बघायचं राहून जातं. म्हणून वाक्यं तोडली, शेवटचा भाग तिच्या उच्चाराबरोबरच पडद्यावर येईल असा. शॉट बदलताना उपशीर्षक मागे रेंगाळू दिलं नाही. भारतातल्या प्रतीत इंग्रजी संवादांना मराठी उपशीर्षकं दिली. पोलिसाचं ओरडणं मात्र उपशीर्षकाशिवाय ठेवलं, कारण अप्पांनाही त्या क्षणी ते कळलेलं नसतं.

अप्पा तंबाखू मळतात. ड्रायव्हर माणूस, ती त्यांची सवय. भारतीय प्रतीत त्या प्रत्येक दृश्यात आरोग्याचा इशारा झळकतो, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर वेगळे संदेशही लागतात. इशारा पडद्याच्या तळाशी, उपशीर्षकंही तळाशी. तेवढ्या दृश्यांत मराठी अक्षरं वर सरकवली. हे काम क्षुल्लक दिसतं, पण गोंधळलेल्या पडद्यावर नटाचा चेहरा हरवतो. प्रमाणपत्राच्या वेळी पोलिसाच्या तोंडच्या एका शिवीचा प्रश्न होता. अमेरिकेत मानांकन ऐच्छिक असतं, आणि तो एक शब्द एकदा आला तर पीजी-१३, म्हणजे तेराखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणाऱ्या मानांकनात, साधारण चालून जातो. आपल्याकडे तो आवाज बंद करावा लागला असता, आणि त्या प्रसंगात मी आवाजाला भोक पाडू शकत नव्हते. त्या नटानं शिवीशिवायचा टेक दिला होता आणि खरं तर तोच जास्त भीतिदायक होता. दोन्हीकडे तोच आहे. भारतात यूए १३+ प्रमाणपत्र मिळालं.

प्रदर्शनासाठी मी गोव्याला गेले, इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर भरणाऱ्या फिल्म बाजारात. २००७ पासून एनएफडीसी तो भरवते आणि परदेशी खरेदीदार, महोत्सवांची माणसं तिथे भेटतात. तिथे पुष्कळांनी विचारलं की हा नेमका कुणासाठी आहे. मी त्यांना वर लिहिलेले दोन प्रसंग सांगायचे आणि त्यांना आधी काय कळलं ते विचारायचे. बोलणं तिथून सुरू झालं की चांगलं पुढे जायचं. अमेरिकेत आमचे पहिले खेळ महाराष्ट्र मंडळांनी लावले, शनिवार-रविवारी, चित्रपटगृहाचा एकेक पडदा भाड्यानं घेऊन. मी एकच विनंती केली होती: प्रत्येक सभासदानं एक अमराठी शेजारी किंवा सहकारी आणावा. एकट्यादुकट्यानं बघण्यापेक्षा हा चित्रपट मिश्र हॉलमध्ये बघण्यात जास्त आहे. पट्टा सुटल्यावर शेजारच्याचा श्वास अडकलेला ऐकला की मराठी माणूस सावध होतो. दर्भ वळायला घेतल्यावर मराठी बाई पदर तोंडाला लावते आणि शेजारची अमेरिकन बाई तिच्याकडे बघून मग पडद्याकडे बघते.

प्रती तयार करतानाही दोन हिशेब आहेत. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांना डीसीपी, म्हणजे चित्रपटाची डिजिटल प्रत, आणि ती उघडणारी ठरावीक मुदतीची डिजिटल किल्ली पाठवायची. आपल्याकडे त्याबरोबर वेगवेगळ्या डिजिटल सेवांच्या आपापल्या फाइली करून द्याव्या लागतात, आणि तालुक्याच्या गावातल्या पडद्यावर रंग कसे उतरतात ते एकदा स्वतः जाऊन बघावं. मी चिपळूणला बघितले. रात्रीचे प्रसंग अपेक्षेपेक्षा काळे दिसत होते, म्हणून भारतीय प्रतीत पोलिसाच्या प्रसंगाचा उजेड थोडा चढवून घेतला, नातीचे हात दिसायला हवेत म्हणून.

सध्या दुसऱ्या संहितेवर काम चालू आहे, सांगली आणि अटलांटा यांच्यामधली. प्रत्येक प्रसंगाच्या समासात मी दोन रकाने आखलेत: सांगलीत कुणाला काय आधी कळेल, अटलांटात काय. अजून तीन प्रसंगांचे दोन्ही रकाने सारखेच भरतायत. ते प्रसंग मी या आठवड्यात पुन्हा लिहायला घेतले आहेत.